नाणेघाटातली नावं, ताम्रपटावरचा गरुड

तानसा तलावाकाठच्या एखाद्या गावातल्या माणसानं मनात आणलं, की एका दिवसापुरतं आपण इसवी सन ११८४ मध्ये राहायचं. कपड्यांची जमवाजमव होईल, मातीची भांडी मिळतील, नाचणीची भाकरी तर घरातच आहे. पण कोणी हाक मारली तर कोणत्या नावानं मारायची? आजचं आडनाव जसंच्या तसं सव्वाआठशे वर्षं मागं नेता येत नाही. आणि आपल्या माणसांत ओळख पटावी म्हणून झेंड्यावर, काठीवर किंवा कागदावर जी खूण काढायची, ती कसली?

हे प्रश्न मनापासून विचारणारी आणि त्यांची उत्तरं दप्तरात नोंदवून ठेवणारी एक संस्था जगात आहे. १९६६ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावी, एका घराच्या मागच्या अंगणात काही तरुण मंडळींनी मध्ययुगीन पद्धतीचा द्वंद्वयुद्धाचा सोहळा भरवला. त्यातून ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रॉनिझम’ उभी राहिली. तिचे सभासद सन १६०० च्या आधीचं आयुष्य अंगावर घेतात. चिलखतं घडवतात, जुन्या पाककृती रांधतात, हातानं सूत रंगवतात. आणि बरेच जण स्वतःसाठी त्या काळातलं एक नाव आणि एक मानचिन्ह ठरवून त्याची रीतसर नोंदणी करून घेतात.

ही नोंदणी ऐकली की थक्क व्हायला होतं. अर्ज आधी स्थानिक हेरल्डकडे, म्हणजे नाव आणि चिन्हं तपासणाऱ्या स्वयंसेवकाकडे जातो. तिथून वर, आणि मग आणखी वर. शेवटी नावांचा निर्णय ‘पेलिकन’ हा अधिकारी देतो, चिन्हांचा ‘रीथ’, आणि या दोघांच्या वर ‘लॉरेल’. निर्णय दर महिन्याला प्रसिद्ध होतात. नावाचे किमान दोन घटक हवेत : एक स्वतःचं नाव आणि दुसरं त्याला जोडलेलं, मग ते बापाचं असो, गावाचं असो की धंद्याचं. प्रत्येक घटक जुन्या कागदात, शिलालेखात, करवसुलीच्या यादीत खरोखर आढळला पाहिजे, निदान त्या काळच्या नावांच्या घडणीत बसला पाहिजे. दोन्ही घटक एकाच भाषाप्रदेशातले असतील तर त्यांच्यात ५०० वर्षांपर्यंतचं अंतर चालतं. त्याहून जास्त असेल तर ते दोन एकत्र नांदू शकत नाहीत, कारण तसं नाव कोणत्याच काळात कोणाचं नव्हतं. मिरवणूही चालत नाही : न कमावलेली राजेपदाची उपाधी कोणी नावात घुसवली तर अर्ज परत येतो. चिन्हाच्या बाबतीत तर आधी नोंदलेल्या सगळ्या चिन्हांशी ताडून पाहतात, की हे कोणाच्या फार जवळ तर जात नाही ना.

थोडक्यात, हौसेच्या खेळात शिरायचं असलं तरी दारावरचा माणूस एकच विचारतो : पुरावा दाखवा. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो. कारण हाच प्रश्न घेऊन शहापूर-मुरबाडच्या डोंगराकडे पाहिलं, तर तिथं दोन हजार वर्षांचं नोंदणी-दप्तर उघडं पडलेलं दिसतं.

मुरबाडहून माळशेजच्या रस्त्यानं निघालं की वैशाखरे गावाजवळून नाणेघाटाची वाट चढते. जुन्नर आणि कोकण यांना जोडणारी ही सातवाहनांची वाट. अंगावर येणारा चढ संपता संपता कातळात खोदलेली एक लेणी लागते. तिच्या डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला लांबलचक लेख आहे. त्यात यज्ञांची आणि दक्षिणेची मोजदाद आहे : गाई किती, घोडे किती, कार्षापण नाणी किती. त्यातल्या आकड्यांच्या चिन्हांचा अभ्यास एकोणिसाव्या शतकात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी केला, आणि पुढं ब्युलर यांनी १८८३ मध्ये संपूर्ण लेख वाचून प्रसिद्ध केला. इथवर बहुतेकांना ठाऊक असतं. मला मात्र समोरच्या, मागच्या भिंतीकडे न्यायचं आहे.

त्या भिंतीवर एके काळी आठ मूर्ती ओळीनं उभ्या होत्या. आज मूर्ती नाहीत. काहींच्या पायांच्या खुणा तेवढ्या तळाशी राहिल्यात. पण प्रत्येकाच्या डोक्याच्या उंचीवर त्याच्या नावाची ओळ कोरलेली होती, आणि त्यातल्या सहा ओळी आपण आजही वाचू शकतो. राया सिमुक सातवाहनो सिरिमातो. मग देवी नायनिका आणि राजा सिरी सातकनी, ही जोडी एकाच ओळीत. मग कुमार भाय. पुढं महारठी त्रनकयिरो. कुमार हकुसिरी. आणि कुमार सातवाहन. माणसं झिजली, पण नावं टिकली.

आता हेरल्डच्या नजरेनं या सहा ओळी पाहा. इथं फक्त नावं नाहीत, नावांची घडण आहे. आधी पदवी येते : राया, देवी, कुमार, महारठी. मग व्यक्तीचं नाव. मग, काही ठिकाणी, कुळाचं. एका ओळीत सिमुक हे माणसाचं नाव आणि सातवाहन हे कुळाचं नाव आहे, तर दुसऱ्या ओळीत ‘सातवाहन’ हेच एका कुमाराचं स्वतःचं नाव आहे. म्हणजे कुळाचं नाव मुलाला ठेवण्याची चाल त्या घरात होती. ‘हकुसिरी’मध्ये ‘सिरी’ शेवटी आलंय, ‘सिरी सातकनी’त आधी. हे बारकावे कोणी कल्पनेनं रचू शकत नाही. ते सापडावेच लागतात. या एका भिंतीवर सातवाहनकाळातल्या राजघराण्याच्या नावांचं व्याकरणच कोरून ठेवलंय. आणि शेजारच्या भिंतीवरचा लेख नायनिकेचा बाप महारठी असल्याचं सांगतो, म्हणजे नात्यांची नोंदही पक्की होते.

पुढच्या पिढ्यांत हीच राजे मंडळी नावाआधी आईचं गोत्रनाम लावू लागली : गोतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी. बापाच्या नावानं ओळखलं जाणं हा जगाचा नियम आहे असं मानणाऱ्या युरोपीय हेरल्डला हे वाचून खुर्ची पुढं ओढून बसावं लागेल. नाशिकच्या लेण्यातला गौतमी बलश्रीचा लेख म्हणजे आईनं मुलाच्या नावाची दिलेली साक्षच.

पण राजांची नावं घ्यायला हेरल्ड आडकाठी करतो, आणि ते बरोबरच आहे. आपला तानसाकाठचा माणूस राया नव्हता. त्याच्यासाठी साधी नावं हवीत. ती कान्हेरीच्या लेण्यांत आहेत. तिथल्या दानलेखांत कल्याणच्या माणसांची दानं नोंदली आहेत. त्यात सामिदत नावाचा एक सोनार आहे, त्यानं पाण्याचं टाकं खोदून दिलं. नंद नावाचा एक लोहार आहे, त्यानं वाट बांधून दिली. गाव, धंदा, नाव : तिन्ही गोष्टी एका ओळीत. बर्कलीच्या त्या अंगणातल्या लोकांनी जो नियम विसाव्या शतकात घालून घेतला, तो पाळूनच या दोघांनी आपली ओळख दगडावर लिहून ठेवली. आणि ही माणसं दूरची नव्हेत. शहापूर-मुरबाडचा माल आजही ज्या कल्याणला उतरतो, तिथलीच.

मात्र सामिदत हे नाव ११८४ साठी चालणार नाही. ते फार जुनं, प्राकृत काळातलं. ११८४ मध्ये इथं शिलाहारांचं राज्य होतं. राजधानी ठाणं, लेखांतलं स्थानक. त्या काळची नावं हवी असतील तर ताम्रपट उघडावे लागतात.

१७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात नव्या बांधकामाचा पाया खणताना शिलाहार राजा अरिकेसरी याचा शके ९३९ चा, म्हणजे १०१७ चा ताम्रपट सापडला. पुढच्याच वर्षी त्याचं भाषांतर कलकत्त्याच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्या खंडात छापून आलं. भारतीय पुराभिलेखांच्या अभ्यासाच्या अगदी पहिल्या पानांत ठाण्याचं नाव आहे, याचा अभिमान आपण फारसा बाळगत नाही. त्यानंतर भांडुप, वडवली आणि इतर ठिकाणांहून पट मिळत गेले. वा. वि. मिराशी यांनी ते एकत्र करून १९७७ मध्ये शिलाहार लेखांचा संग्रह सिद्ध केला.

ताम्रपट ही वस्तू हातात घेऊन पाहावी अशी असते. बहुधा तीन जाड पत्रे. त्यांच्या कडा किंचित उचललेल्या, म्हणजे एकावर एक ठेवले तरी अक्षरं घासली जात नाहीत. पहिल्या आणि शेवटच्या पत्र्याची बाहेरची बाजू कोरी. सगळ्यांतून एक तांब्याची कडी ओवलेली, आणि कडीची दोन्ही टोकं जिथं मिळतात तिथं ओतीव मुद्रा बसवलेली. मुद्रा फोडल्याशिवाय कडी सुटत नाही आणि कडी सुटल्याशिवाय पत्रा बदलता येत नाही. नाव, जमीन, साक्षीदार, तारीख असं सगळं त्या कडीत अडकवून, वर घराण्याची खूण ठेवून दिलेली.

आतली नावं वाचताना आपण ओळखीच्या कोकणात आहोत यावर क्षणभर विश्वास बसत नाही. १०२६ च्या भांडुप पटात मोठ्या अधिकाऱ्यांची नावं नागणैय, सीहपैय अशी आहेत. नागलैय नावाचा एक कवीही त्यात आहे. शेवटचा ‘ऐय’ कानडी वळणाचा. ठाण्याच्या दरबारात, खाडीकाठी बसून संस्कृतात दानपत्रं लिहिणाऱ्या या मंडळींची नावं कानडी थाटाची होती. कोकणच्या राजाचा कारभारी म्हणून आज कोणी मनानं नाव रचलं तर ते असं कधीच रचणार नाही. पुरावा कल्पनेपेक्षा श्रीमंत असतो, तो असा.

आता त्या मुद्रेवर काय आहे ते पाहू. गरुड. बहुतेक पटांवर तो मनुष्यदेही, समोर तोंड करून बसलेला, हात जोडलेला असतो. आणि लेखातल्या बिरुदांत राजा स्वतःला ‘सुवर्णगरुडध्वज’ म्हणवतो, म्हणजे ज्याच्या झेंड्यावर सोन्याचा गरुड आहे असा. त्याच दमात तो ‘जीमूतवाहनान्वयप्रसूत’ही म्हणवतो, जीमूतवाहनाच्या कुळात जन्मलेला. हे दोन शब्द शेजारी ठेवले की अंगावर काटा येतो. जीमूतवाहन हा विद्याधरांचा राजपुत्र. गरुड रोज एक नाग खात असे. त्या दिवशी पाळी शंखचूड नावाच्या नागाची होती. त्याच्या आईचा आक्रोश ऐकून जीमूतवाहन स्वतः वध्यशिळेवर जाऊन बसला आणि गरुडाच्या चोचीखाली अंग दिलं. सम्राट हर्षाच्या ‘नागानंद’ नाटकाचा विषय तोच. कुळाच्या मूळपुरुषाचं मांस ज्या पक्ष्यानं तोडलं, त्याच पक्ष्याला वंशजांनी झेंड्यावर घेतलं, आणि मुद्रेवर तो हात जोडून बसलाय. युरोपातल्या शेकडो सिंहांत आणि गरुडांत इतकी खोल कथा सांगणारी चिन्हं मोजकीच निघतील, असं माझं ठाम मत आहे.

शिलाहारांची बिरुदावली अशी एकदोन शब्दांची नसते. तगरपुरपरमेश्वर, म्हणजे तगर अर्थात धाराशिवजवळच्या तेर या मूळ गावाचा स्वामी. मग कुळ. मग ध्वज. मग स्वभावाची आणि पराक्रमाची विशेषणं. हा साचा दख्खनच्या बहुतेक मांडलिक घराण्यांत सापडतो. सौंदत्तीचे रट्ट स्वतःला लत्तलूर, म्हणजे लातूर नगरीचे स्वामी म्हणवत. त्यांचाही ध्वज सोन्याच्या गरुडाचा, पण लांछन, म्हणजे घराण्याची खूण, मात्र हत्तीचं. गोव्याच्या कदंबांचं गाव बनवासी, लांछन सिंह, ध्वजावर वानर, आणि पुढं चालणारा पेर्मट्टी नावाचा वाद्यघोष. सिंदांच्या पताकेवर नाग. गाव, ध्वज, लांछन, वाद्य : ओळख इतक्या बाजूंनी बांधलेली, की ध्वज जुळला तरी घराणं चुकत नाही. देवगिरीच्या यादवांचा ध्वजही गरुडाचाच होता. युरोपात भावाभावांची ढाल वेगळी ओळखू यावी म्हणून एखादी पट्टी किंवा चंद्रकोर वाढवत. इथं ते काम गावाचं नाव आणि लांछन करत होतं.

याहून नवल वाटावं अशी गोष्ट म्हणजे युरोपात आणि इथंही खरी नोंद चित्राची नसून शब्दांची होती. युरोपातले हेरल्ड ज्याची नोंद करतात तो मजकूर असतो : निळ्या भूमीवर सोन्याचा उभा सिंह, एवढंच. दहा चित्रकार दहा प्रकारे सिंह काढतील, तरी चिन्ह एकच. शिलाहारांच्या लेखांतही तसंच. ‘सुवर्णगरुडध्वज’ हा शब्द पंख किती पसरावेत, चोच कुठं वळावी हे सांगत नाही. सोनारानं, ओताऱ्यानं, झेंडा शिवणाऱ्यानं आपापल्या हातानं तो गरुड घडवायचा.

काळही जवळपास एकच आहे, हे ध्यानात आल्यावर मी बराच वेळ तारखांचे कागद समोर ठेवून बसून होतो. युरोपातल्या वंशचिन्हांची गोष्ट सांगताना आंजूच्या जेफ्रीचा दाखला देतात. ११२८ च्या सुमारास त्याला सासऱ्यानं, इंग्लंडच्या पहिल्या हेन्रीनं, सरदारकी देताना सोनेरी सिंहांची ढाल दिली असं त्याचा चरित्रकार सांगतो. तीच निळी ढाल त्याच्या थडग्यावरच्या मीनाकाम केलेल्या पत्र्यावर आहे. तो पत्रा फ्रान्समध्ये ल मान इथं अजून पाहायला मिळतो. आणि इकडं वडवलीचा ताम्रपट शके १०४९ चा, म्हणजे ११२७ चा. राजा पहिला अपरादित्य. राज्य शत्रूच्या हातून सोडवून नुकताच स्थिरावलेला.

हा अपरादित्य नुसता लढवय्या नव्हता. त्यानं काश्मीरला विद्वानांच्या सभेसाठी तेजकंठ नावाचा पंडित पाठवला होता, याची साक्ष काश्मिरी कवी मंख देतो. आणि याज्ञवल्क्यस्मृतीवरची ‘अपरार्क’ ही प्रसिद्ध टीका त्याच्याच नावावर आहे. आता याज्ञवल्क्य दानपत्राबद्दल काय सांगतो? राजानं जमीन दिली तर ती कापडावर किंवा तांब्याच्या पत्र्यावर लिहावी, त्यात स्वतःच्या पूर्वजांची आणि स्वतःची नावं असावीत, दानाचं माप आणि सीमा असाव्यात, स्वतःच्या हाताची निशाणी आणि तारीख असावी, आणि वर स्वतःची मुद्रा उमटवावी. चालुक्यांच्या कल्याणीत याच स्मृतीवर लिहिलेली मिताक्षरा टीका तर मुद्रा कसली तेही सांगते : गरुड, वराह अशा रूपाची. वराह चालुक्यांचा. म्हणजे नाव आणि चिन्ह यांच्या नोंदणीची नियमावली होती, तिच्यावर भाष्यं होती, आणि भाष्यकारांतला एक जण ठाण्याच्या गादीवर बसून स्वतःच्या पटांवर गरुड उमटवत होता. नियमाचा अर्थ लावणारा आणि नियमानं बांधलेला माणूस एकच. जगातल्या कोणत्या हेरल्डच्या वाट्याला असा राजा आला असेल?

ताम्रपट राजदरबाराचा. गावात त्याच आज्ञेचा पुकारा दगड करत असे. भिवंडी तालुक्यातल्या लोणाडला दुसऱ्या अपरादित्याच्या काळातला, शके ११०६ चा, म्हणजे ११८४ चाच शिलालेख आहे. ठाणे जिल्ह्यात असे दगड बरेच मिळाले. त्यांना आपण गधेगाळ म्हणतो. वर सूर्य आणि चंद्र, मध्ये मजकूर, आणि खाली दान मोडणाऱ्याला दिलेली जबर शिवी, तीही चित्रात, वाचता न येणाऱ्यालाही समजावी म्हणून. सूर्य-चंद्र ही कोणा घराण्याची खूण नव्हे. ते असेपर्यंत हे दान चालावं, हा तिचा अर्थ. पण लोकांच्या डोळ्यांत ही खूण इतकी रुजली, की ठाणे जिल्ह्यातल्या पाड्यांवर वाघोबाच्या लाकडी खांबावर वाघ कोरतात तेव्हाही वर सूर्य आणि चंद्र हटकून येतात. वाघोबाचा खांब रानाची आणि गावाची हद्द राखतो. त्यावरच्या खुणेला कोणत्याही दरबाराच्या मंजुरीची गरज पडली नाही.

साध्या घरांच्या खुणा पाहायच्या तर लग्नाच्या मांडवात जावं. देवक बसवल्याशिवाय मराठी लग्नाला सुरुवात होत नाही. कोणाचं पंचपल्लव, कोणाचा कळंब, कोणाचा शंख. मोऱ्यांचं देवक मोराचं पीस, साळुंख्यांचं साळुंकीचं. युरोपात कॅस्टिल राज्याच्या ढालीवर किल्ला आणि लिऑनच्या ढालीवर सिंह आला, तो याच चालीनं, नावाला साजेशी खूण म्हणून. एकच देवक असलेल्या दोन घरांत सोयरीक होत नाही, म्हणजे दोन खुणा ताडून पाहायचं काम इथं घरातली जाणती माणसं करतात. ढालीवरची चिन्हं लढाईत ओळख पटावी म्हणून निघाली. देवक सोयरीक जुळवताना ओळख पटवतं. दोन्हींत मला देवक जास्त भावतं, कारण ते मिरवायचं नसतं, पुजायचं असतं.

आणि त्याहूनही देखणी एक पद्धत मराठी कागदपत्रांत आहे, प्रामुख्यानं सतराव्या-अठराव्या शतकांतल्या. वतनाचा वाद गोतसभेपुढं आला की महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, लिहिला जाई आणि गावच्या लोकांची साक्ष त्यावर पडे. ज्यांना लिहिता येत नसे ते आपली निशाणी काढत. पाटलाचा नांगर. न्हाव्याचा आरसा. चांभाराची आरी. शिपायाची कट्यार. वतनदार बाई असेल तर बांगडी. नावापुढं ‘निशाणी नांगर’ असं लिहून शेजारी शाईत छोटासा नांगर काढलेला दिसतो, जू आणि फाळासकट. नेमक्या चार-पाच रेघांत. राजाच्या गरुडाइतकंच या नांगराला न्यायसभेत वजन होतं. युरोपात ढाल हा बहुतेक सरदारांचा मान मानला गेला. इथं न्हाव्याचा आरसाही पुरावा म्हणून चालला, आणि ही गोष्ट आपल्या शाळांच्या पुस्तकांत मोठ्या अक्षरांत छापायला हवी.

बर्कलीच्या त्या संस्थेची १६०० ची रेघ पाहता शिवकाळ तिच्या थोडा पलीकडं पडतो. शहापूरला डोळ्यांसमोर उभा असलेला माहुली किल्ला १६३६ मध्ये शहाजीराजांच्या हातून गेला, शिवरायांची संस्कृत अष्टकोनी मुद्रा त्यानंतरची. त्या मुद्रेचं अप्रूप वेगळंच आहे : फारसी शिक्क्यांच्या काळात ती संस्कृतात बोलली. पण तिच्यावर गरुड नाही, सिंह नाही, फक्त अक्षरं आहेत. तिच्या पाचशे-सहाशे वर्षं आधीच्या शिलाहारी मुद्रेवर आकृती होती आणि नाव पत्र्यात आत होतं. इथं नावच मुद्रा झालं.

पुढं १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारासाठी रॉबर्ट टेलर या बंगाल सनदी सेवेतल्या अधिकाऱ्यानं संस्थानिकांसाठी युरोपीय पद्धतीची मानचिन्हं रचली. त्यांचे भरजरी झेंडे संस्थानिकांना देण्यात आले. त्यांत घराण्यांच्या जुन्या कथा होत्या खऱ्या, पण रचणारा हात आणि नियम परके होते. ज्यांच्या पूर्वजांनी ‘सुवर्णगरुडध्वज’ म्हणून ताम्रपट दिले, त्यांच्या भूमीला खुणा बाहेरून मिळाव्यात, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता आपल्या तानसाकाठच्या माणसाचा अर्ज भरू. साल ११८४. नाव नागलैय, १०२६ च्या भांडुप पटाच्या आधारानं, अंतर दीडशे वर्षांचं, म्हणजे नियमात बसतं. दुसरा घटक गावाचा : कल्याणचा. पदवी काही नाही. चिन्हाला गरुड घेता येणार नाही, तो राजाचा. सूर्य-चंद्र हे शासनाच्या दगडाचं लेणं, तेही नको. नांगराची निशाणी कागदात पुढच्या शतकांत दिसते, पण नांगर स्वतः तेव्हाही शेतात होताच. हेरल्ड वस्तू त्या काळात होती का एवढं विचारतात, आणि रंगसंगती ठसठशीत आहे का ते पाहतात. सोन्याच्या भूमीवर काळा नांगर. लांबूनही ओळखू येईल. कोणी असा अर्ज केला तर पुराव्याच्या रकान्यात भांडुप, लोणाड आणि कल्याण ही नावं जातील, आणि परदेशातला एक हेरल्ड नकाशावर ती शोधत बसेल.

या दप्तराची शेवटची पानं अजून भरायची आहेत. नवा लेख मिळाला की नावांच्या यादीत भर पडते. शेत नांगरताना, विहीर खणताना, रस्ता रुंद करताना दगड निघतात. बरेच गधेगाळ आज देवळाच्या पायरीला, पारावर किंवा विहिरीच्या कठड्यात बसवलेले सापडतात. काहींवर शेंदूर चढलाय, काहींवर ऑइलपेंट. शेंदराखाली अक्षरं बहुधा शाबूत राहतात. घासून काढायला गेलं तर मात्र जातात. म्हणून शहापूर-मुरबाडच्या कुठल्याही गावात सूर्य-चंद्र कोरलेला उभा दगड दिसला तर त्याला घासू नका, हलवू नका. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपं पडतं तेव्हा त्याचे चारी बाजूंनी फोटो काढा, कारण भर दुपारी अक्षरांच्या खाचांत सावली पडत नाही आणि लेख दिसेनासा होतो. गावाचं आणि जागेचं नाव टिपून ठेवा. आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवा, म्हणजे जाणकार येऊन कागदावर त्याचा ठसा घेतील.